खुलासा: चॉईस नंबर घेतला म्हणजे पाटीवर ‘दादा’ लिहिता येत नाही

नागपुरातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘आरटीओत चॉईस नंबरचे पैसे भरले की नंबर हव्या त्या अक्षरांत लिहिता येतो.’ हे खरं नाही.

चॉईस नंबर म्हणजे जादा पैसे भरून गाडीसाठी निवडलेला नंबर. कुणाला जन्मतारीख हवी असते, कुणाला बेरीज ९, कुणाला जुन्या गाडीचाच नंबर. त्यात गैर काही नाही. गाडी नागपूरच्या एमएच ३१ ची असो, ४९ ची असो की ४० ची, पैसे फक्त क्रमांकाचे असतात. एकाच क्रमांकावर दोन अर्ज आले, तर जादा रकमेचा डीडी बंद पाकिटात द्यावा लागतो. ज्याची रक्कम जास्त, नंबर त्याचा.

पाटीचे नियम सगळ्यांना सारखेच. ४१४१ ला वरून रेघ ओढून ‘दादा’ किंवा २१४ चा ‘राम’ केला, की कॅमेऱ्याला आणि अपघातातल्या साक्षीदाराला नंबर वाचताच येत नाही. पहिला दंड ५०० रुपये, पुढे १५००. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, सक्तीची आहे. तिचं स्नॅप लॉक उघडलं की तुटतं, पुन्हा बसत नाही.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. आलाच तर हा खुलासा त्याखाली टाका.