पस्तीस अंशांपुरता लॅपटॉप

लॅपटॉप तापतो या माझ्या तक्रारीवर 'लॅपटॉप थंड खोलीत वापरा' असा सल्ला देणाऱ्या गृहस्थांनी एकदा वैशाखात जळगाव जिल्ह्यात यावे आणि भर दुपारी ती थंड खोली मला शोधून दाखवावी. मी अखाजीची गाणी ध्वनिमुद्रित करतो. अखाजी म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया. सासुरवाशिणी माहेरी येतात, निंबाला झोके बांधले जातात आणि गौराईची अहिराणी गाणी तेव्हाच खऱ्या रंगात येतात. ती मी डिसेंबरात मुद्रित करावीत असे ज्यांना वाटते, त्यांच्याशी वाद घालण्याची माझी इच्छा नाही.

बाहेर पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर असतो. मुद्रणासाठी कूलर बंद करावा लागतो, पंखा बंद करावा लागतो, खिडक्या लावून घ्याव्या लागतात, कारण कंडेन्सर माइक कशालाही सोडत नाही. घामाने निथळणारी माणसे गाणाऱ्या आजींसाठी श्वाससुद्धा जपून घेत असतात, आणि नेमक्या त्या शांततेत लॅपटॉपचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरू लागतो. ज्या संवेदनशीलतेसाठी माइकचे पैसे मोजले, त्याच संवेदनशीलतेने तो ही घरघर इमानेइतबारे टिपतो.

सगळे खापर ऑडिओ इंटरफेसवर, म्हणजे माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये पोचवणाऱ्या पेटीवर, फोडणारेही भेटतात. यूएसबी 2.0 च्या पोर्टमधून नियमाप्रमाणे जास्तीत जास्त 500 मिलिअँपिअर, म्हणजे अडीच वॉट वीज मिळते आणि माइक चालवणारा 48 व्होल्टचा 'फँटम' वीजपुरवठाही तेवढ्यातूनच तयार होतो. तेवढ्याने लॅपटॉप तापत नाही. तापतो तो प्रोसेसरला विसावा न मिळाल्याने. सेकंदाला आवाजाचे 48,000 नमुने, म्हणजे सॅम्पल, घेतले जात असतील आणि बफर, म्हणजे एका वेळी उचलायचा गठ्ठा, 128 सॅम्पलचा असेल, तर प्रोसेसरला सेकंदाला 375 वेळा आवाज उचलायला हजर राहावे लागते. तापमान शंभर अंशांच्या जवळ गेले की तो स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो, हजेरी चुकते आणि मुद्रणात 'टक्' असा आवाज उमटतो. हे ठाऊक असल्यामुळेच मी बफर 1024 वर नेला, विंडोजमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा 99 टक्क्यांवर आणून टर्बो, म्हणजे त्याचा वाढीव वेग, बंद केला, आतली धूळ काढून प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारी थर्मल पेस्टही बदलून घेतली. फरक पडला, नाही असे नाही; पण लॅपटॉपचा पंखा खोलीतलीच हवा आत ओढतो, आणि ती हवाच बेचाळीस अंशांची असेल तर त्याने थंड करायचे तरी कशाने?

आता खरा संताप. अनेक लॅपटॉपच्या माहितीपुस्तिकेत, कोणी वाचू नये अशा बारीक अक्षरांत, वापराचे कमाल तापमान 35 अंश असे लिहिलेले असते. खोक्यावर ते नसते, दुकानदार ते सांगत नाही आणि जाहिरातीत तर सतत बर्फाळ डोंगर दिसत असतात. म्हणजे जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत, जिथे मार्च-एप्रिलपासूनच पारा चढू लागतो, ही वस्तू पूर्ण किमतीला विकायची आणि ती तापली की ग्राहकाला खोलीचे तापमान विचारायचे! लॅपटॉपवाले म्हणतात, बाहेरचे उपकरण काढून टाका. इंटरफेसवाले म्हणतात, लॅपटॉप बदला. दोघांचेही एकमत फक्त एसी बसवण्यावर होते, आणि तो एसी धाब्याच्या घरात कोठे बसवायचा, भारनियमनात कशावर चालवायचा आणि त्याचा आवाज कोणी गिळायचा, हे विचारले की फोन 'वरिष्ठांकडे' जातो. कूलिंग पॅड घ्या म्हणणाऱ्यांनी तर कहर केला, कारण त्यालाही पंखेच असतात. चार्जर लावावा तर उष्णता वाढते आणि वर मुद्रणात विजेची गुणगुण शिरते, कारण गावातल्या पुष्कळ सॉकेटमध्ये अर्थिंगचे भोक केवळ शोभेचे असते.

या सगळ्यात जाते काय, ते या मंडळींच्या तक्रार-अर्जात लिहायला रकाना नसतो. ऐंशीच्या घरातल्या आजी डोळे मिटून एक लांबलचक गाणे म्हणत असतात. ऐन रंगात टक्-टक् सुरू होते आणि मला हात वर करावा लागतो. "काय व्हयनं रे भाऊ, आखो म्हनू का?" असे त्या विचारतात आणि बिचाऱ्या पुन्हा म्हणतातही. पण दुसऱ्या वेळी कडव्यांचा क्रम बदलतो, एखादे नाव गळते, दमामुळे शेवटच्या ओळी घाईने उरकल्या जातात. कागदावर न लिहिलेल्या गाण्याची मूळ प्रत त्यांच्या गळ्यातच असते. ती मी कोणत्या सेवा केंद्रातून बदलून आणू?

तक्रारीला आलेल्या ताज्या उत्तरात उपकरण निर्दोष असून वापराची जागा अयोग्य असल्याचे कळवले आहे, आणि तेवढ्यावर तक्रार बंद केली आहे. जागा म्हणजे अख्खा खानदेश. मी ती तक्रार पुन्हा उघडली आहे, आणि या वेळी सोबत खोलीतल्या तापमापकाचा फोटो आणि त्यांच्याच पुस्तिकेतले ते पान जोडून, हा आकडा खोक्यावर ठळक का छापत नाही, एवढेच विचारले आहे.