‘पाचारणाच्या नावाखाली’: एका वाचकाला उत्तर

सप्रेम सलाम.

विद्यापीठात नव्याने आलेल्या ख्रिस्ती मुलामुलींना सहभागिता, म्हणजे एकत्र जमून प्रार्थना आणि आधार देणारा गट, का हवी, यावर मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही ‘एक माजी विद्यार्थी’ अशी सही करून कडक शब्दांत प्रतिक्रिया दिलीत. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. होस्टेलवर घरच्या आठवणीने कासावीस झालेलं पोर हेरायचं, त्याला चहा, गाणी आणि मैत्री द्यायची, आणि पुढे त्या मैत्रीची किंमत ‘पाचारण’ (देवाने आपल्या कामासाठी दिलेली हाक) म्हणून वसूल करायची, असा तुमचा आरोप आहे. तुमच्या मित्राने इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षी सोडलं, कारण गटातल्या मोठ्यांनी त्याला ‘देव तुला पूर्णवेळ सेवेला बोलावतोय’ असं सांगितलं होतं. वडिलांनी फीसाठी कर्ज काढलेलं होतं. आणि शेवटी तुम्ही विचारलंत: ‘उद्या एखादा म्हणाला की माझी वाट तुमच्या गटाबाहेर आहे, तर त्याला तुमच्याकडे चहा मिळेल का?’

तुमच्या मित्राला जे सांगितलं गेलं ते चुकीचं होतं. त्यापुढे मला कुठलाही ‘पण’ लावायचा नाही.

मात्र यावरून तुम्ही जो निष्कर्ष काढता, की मुलांनी शिकावं, रविवारी चर्चला जावं आणि असे गट बंदच करावेत, तो मला पटत नाही. पुण्यात शिकायला येणारी आमची बरीच मुलं नगर, जालना, सोलापूरकडच्या खेड्यांतली असतात. आडनाव गायकवाड नाहीतर साळवे. वर्गात कुणाला कळतही नाही की हा मुलगा ख्रिस्ती आहे. गावात बाप्तिस्मा होऊन तीन पिढ्या झाल्या तरी जातीची वागणूक जुनीच. कागदावर त्याहून गुंता. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला, १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले, ख्रिस्ती दलित बाहेरच राहिले. प्रवेशाचा फॉर्म भरताना धर्माच्या रकान्यापाशी ज्याचा हात थांबतो, त्या मुलाला ‘तू एकटा नाहीस’ असं सांगणारं कुणी तरी हवं. त्याच्या एकटेपणाचा फायदा घेणं हे पाप आहे. तो एकटा आहे हे पाहून दार न उघडणं, हेही मला पापच वाटतं.

आता पाचारणाबद्दल. बायबलमधली शमुवेलाची गोष्ट तुम्हाला माहीत असणार; तो मंदिरात एली या वृद्ध याजकाच्या हाताखाली सेवा करणारा मुलगा. रात्री हाक येते, पोरगा तीनदा धावत एलीकडे जातो. दोनदा एली त्याला परत निजायला पाठवतो. तिसऱ्यांदा म्हातारबाबांच्या लक्षात येतं की हाक मारणारा कोण आहे, आणि ते एवढंच शिकवतात: पुन्हा हाक आली तर म्हण, ‘हे परमेश्वरा, बोल, तुझा दास ऐकत आहे.’ देव तुला काय सांगणार आहे, हे एली सांगत नाही. तो शमुवेलाबरोबर ऐकायलाही जात नाही. आणि सकाळी जो निरोप बाहेर येतो तो एलीच्या स्वतःच्या घराण्याविरुद्ध असतो! तरी तो मुलाकडून सगळं वदवून घेतो आणि मान्य करतो. विद्यार्थ्यांमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाची जागा हीच आहे असं मी मानतो. ज्याला हाकेतला मजकूर आधीच ठाऊक असतो, त्याने एलीच्या जागी बसू नये. तुमच्या मित्राच्या गटातल्या मोठ्यांनी नेमकं तेच केलं.

तुम्ही असंही लिहिलंत की असे गट शेवटी सगळ्यांना एकाच साच्यातून काढतात. इथे मी तुम्हाला आपल्याशी थेट नातं असलेला एक गट दाखवतो. ऑगस्ट १८०६, अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधलं विल्यम्स कॉलेज. पाच विद्यार्थी माळावर प्रार्थनेला जमले, वादळी पाऊस आला म्हणून गवताच्या गंजीच्या आडोशाला बसले, आणि आशियात सुवार्ता न्यावी का यावर बोलू लागले. पुढाकार सॅम्युएल मिल्सचा होता. हार्वी लूमिसने विरोध केला. बाकीच्यांनी त्याला गटाबाहेर काढलं नाही. १८१० मध्ये परदेशी मिशनरी पाठवणारी जी संस्था, अमेरिकन बोर्ड, उभी राहिली तिचं मूळ या बैठकीत सांगतात, आणि त्याच बोर्डाने पाठवलेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईला उतरले. अमेरिकन मराठी मिशन तिथून सुरू झालं. पुढे नगर, ‘ज्ञानोदय’ हे मराठी ख्रिस्ती नियतकालिक, आपल्या आज्या-पणज्या शिकल्या त्या शाळा, हे सगळं त्याच ओघातलं.

पण त्या पाच जणांचं काय झालं ते बघा. मिल्स आशियात कधी आलाच नाही. आफ्रिकेहून परतताना १८१८ मध्ये समुद्रातच गेला. जेम्स रिचर्ड्स सिलोनला गेला. विरोध करणारा लूमिस मेन राज्यात पाळक (चर्चचा धर्मगुरू) झाला, रॉबिन्सही अमेरिकेतच पाळक राहिला. बायरम ग्रीन राजकारणात शिरला आणि १८४३ ते १८४५ अमेरिकेच्या संसदेत होता. आणि जो मुंबईला आला तो हॉल त्याच कॉलेजचा असला तरी त्या दिवशी गंजीपाशी नव्हता. नाशिकहून परतताना वाटेतच १८२६ मध्ये पटकीने तो वारला. एका प्रार्थनेतून इतक्या वाटा फुटल्या. ग्रीन संसदेत गेला म्हणून त्याचं पाचारण उणं ठरलं, असं मी म्हणणार नाही, आणि कुणी म्हटलं तर मी भांडेन.

यांतल्याच मिल्स आणि रिचर्ड्स यांनी आणखी काही मित्रांसह १८०८ मध्ये एक गुप्त मंडळ काढलं, त्याची घटना सांकेतिक लिपीत लिहिली. सभासदाने परदेशी जाण्याआड येईल असं कुठलंही बंधन स्वीकारू नये, आणि काय आड येतं ते बंधूंशी सल्लामसलत करून ठरवावं, असा त्यात नियम होता. त्यांच्या निष्ठेबद्दल मला आदर आहे, नियम मात्र मला धोक्याचा वाटतो. मित्रांचा सल्ला घ्यावा, नक्की घ्यावा; एकट्याने ऐकलेल्या हाकेत आपलीच इच्छा बोलत असू शकते, आणि ते मित्रच दाखवू शकतात. पण मित्रांच्या हातात निकाल दिला की सहभागिता संपते आणि भरती सुरू होते. गुप्तता तर विद्यार्थ्यांच्या गटात असूच नये. आईवडिलांना सांगता येणार नाही असं काही आमच्या बैठकीत होत असेल, तर ते होऊ नये.

आमच्याकडे म्हणून काही गोष्टी ठरलेल्या आहेत. पदवी हातात येईपर्यंत कुणाला पूर्णवेळ सेवेचा निर्णय घ्यायला सांगायचं नाही. कुणी स्वतःहून म्हणाला तरी आधी घरी जाऊन बोल, पाळकांना भेट, परीक्षा दे, असं सांगायचं. परीक्षेच्या दिवसांत बैठक छोटी, प्रार्थना झाली की सगळे अभ्यासाला. शास्त्रवाचन कधी विद्यार्थी घेतो, कधी नोकरीला लागलेला कुणी जुना सदस्य. त्यात नर्स आहेत, जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या बाई आहेत, बँकेतले आहेत. हे लोक मुद्दाम बोलवावे लागतात. मुलांना पाळकाचंच आयुष्य समोर दिसत राहिलं तर त्यांना देवाची सेवा तेवढीच वाटते. बी. पी. हिवाळे यांनी १९४७ मध्ये अहमदनगर कॉलेज उभं केलं, तेही पाचारणच होतं. प्रेषित पौल तंबू शिवून पोट भरत होता, हे आपण शिकवतो आणि पुन्हा विसरतो.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: हो, मिळेल. आमच्यातली एक मुलगी गट सोडून दुसऱ्या मंडळीत (चर्चमध्ये) गेली, एकाने ‘माझा विश्वासच राहिला नाही’ असं सांगितलं. दोघंही येतात, जेवतात, आणि ज्याचा विश्वास राहिला नाही तो आजही पहिल्या वर्षाच्या मुलांना गणित शिकवतो. त्याला पुन्हा ओढून आणायची मोहीम आम्ही काढलेली नाही. त्याच्यासाठी प्रार्थना करतो, आणि तेही त्याला ठाऊक आहे.

तुमच्या मित्राबद्दल एक विचारायचं आहे. तो अजून शिकायला तयार आहे का? मध्येच सुटलेली पदवी पुरी करता येते का, ते त्याच्या कॉलेजात आणि विद्यापीठात जाऊन विचारावं लागेल. जुन्या गुणपत्रिका लागतील. आमच्यातले दोघे-तिघे अशा कामात मुरलेले आहेत, ते त्याच्याबरोबर येतील. त्याने आमच्या बैठकीला यावं अशी अट नाही. त्याची इच्छा असेल तर मला कळवा.

तुमचा,
ब्लॉगलेखक