खुलासा : कांदा-मिसळ सोडल्याने जिवाणू मरत नाहीत

‘मिसळ, कांदा, लसूण कायमचे सोडा, लहान आतड्यात वाढलेले जिवाणू उपाशी मरतील,’ असा संदेश नाशिकमध्ये फिरतोय. तो चुकीचा आहे. मटकी, कांदा, गहू कमी केल्याने पोटफुगी कमी होते, जिवाणूंची वाढ हटत नाही. कडक पथ्य ४ ते ६ आठवडेच, मग एकेक पदार्थ परत घ्यायचा; नाहीतर पोषण घटतं.

निदानासाठी श्वासाची चाचणी : ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यावर ९० मिनिटांत श्वासातला हायड्रोजन किमान २० पीपीएमने (दहा लाखांत २० भाग) वाढला, तर जिवाणू वाढलेत असं मानतात. त्याआधी ४ आठवडे अँटिबायोटिक नको, आदल्या दिवशी डाळी-उसळी नकोत, रात्रीपासून उपाशी. यात ढिलाई झाली की निकाल फसतो. उपचारात बहुधा रिफॅक्सिमिन हे अँटिबायोटिक १४ दिवस, डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच. मधुमेहाने मंदावलेलं आतडं किंवा जुन्या शस्त्रक्रियेची चिकटण (आतड्याचे भाग एकमेकांना चिकटणं) तशीच असेल तर त्रास परततो. बी-१२ जीवनसत्त्व मात्र जरूर तपासा.