डायबिटीस आहे म्हणून मेडिकेअर नखं कापून देत नाही

अमेरिकेतल्या आपल्या मंडळींच्या ग्रुपांवर मेडिकेअरबद्दल, म्हणजे तिथल्या मुख्यतः पासष्टीपुढच्यांच्या सरकारी आरोग्य विम्याबद्दल, एक मेसेज पुन्हा पुन्हा येतो: ‘पासष्टी उलटली आणि डायबिटीस असला, की मेडिकेअर दर दोन महिन्यांनी पायाची नखं फुकट कापून देतं. डॉक्टर पैसे मागत असेल तर ती लूट आहे.’ मी न्यू जर्सीत पोडायट्रिस्टकडे, म्हणजे पायाच्या डॉक्टरांकडे, बिलिंग करते. हा मेसेज फोनवर उघडून काउंटरशी येणारे बहुतेक जण कुणाचे तरी आई-बाबा असतात, म्हणून लिहिते आहे.

‘डायबिटीस असला की झालं.’ नाही. नखं कापणं, भोवऱ्या-कुरुपं खरवडणं हे ‘रूटीन फूट केअर’, आणि ते कायद्यानेच वगळलेलं आहे. अपवाद आजाराच्या नावावर मिळत नाही, पायात काय सापडलं त्यावर मिळतो. आजारामुळे पायाचं बोट काढावं लागलं असेल तर तेवढं एक पुरतं. नसेल तर डॉक्टर पावलावरची आणि घोट्यामागची नाडी बघतात. दोन्ही लागत नसतील तर क्लेम, म्हणजे मेडिकेअरला पाठवलेलं बिल, पास होऊ शकतो. एकच लागत नसेल, तर सोबत सूज, गार पाय, मुंग्या, जळजळ, चालताना पोटऱ्या भरून येणं, यांतली दोन लक्षणं हवीत. कातडी, केस, नखांतले ठरावीक बदलही धरतात. हे सगळं चार्टमध्ये लिहिलेलं लागतं. शिवाय शुगरच्या डॉक्टरांनी गेल्या सहा महिन्यांत तपासल्याची तारीख क्लेमवर टाकावी लागते. ती तारीख घरात कुणालाच आठवत नाही, आणि क्लेम परत येतो.

आणखी एक वाट आहे, ती मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही. गेल्या हिवाळ्यात एक काका आले. ‘पैसे मागतात म्हणजे फसवतात’ असं वाचून त्यांनी येणंच बंद केलं होतं आणि घरीच नेलकटर चालवत होते. मोजा काढला तर अंगठ्याला चिकटलेला, आत जखम. त्यांना पत्ता नव्हता. डॉक्टरांनी डोळे मिटायला सांगून तळव्याला नायलॉनचा बारीक तंतू टेकवला. पाचही जागा झाल्या तरी काका म्हणत होते, ‘हं, लावा आता.’ पाचांतल्या दोन जागी जरी स्पर्श कळला नाही, तरी डायबिटीसच्या पेशंटला सहा महिन्यांतून एकदा पायाची तपासणी मेडिकेअरमध्ये बसते, मधल्या काळात दुसऱ्या कारणासाठी पायाच्या डॉक्टरांकडे गेला नसाल तर. त्याच भेटीत नखंही कापली जातात. तपासायला सांगा. दोन मिनिटांचं काम आहे.

‘दर दोन महिन्यांनी.’ साठ दिवसांच्या आत पुन्हा आलात तर सहसा क्लेम नाकारतात, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. साठ दिवस झाले म्हणून हक्क तयार होत नाही.

‘फुकट.’ पार्ट बी, म्हणजे मेडिकेअरचा डॉक्टरांच्या खर्चाचा भाग, त्यात २०२५ सालचं डिडक्टिबल, म्हणजे वर्षाला आधी स्वतः भरायची रक्कम, २५७ डॉलर होतं. ते भरल्यावरही २० टक्के आपलेच. सप्लिमेंट प्लॅन, म्हणजे वरचा जोड विमा, असेल तर तो हा भार उचलू शकतो. मेडिकेअर ॲडव्हान्टेजवाल्यांनी (खासगी कंपनीमार्फत मेडिकेअर घेणाऱ्यांनी) आपल्या प्लॅनलाच फोन करावा, काही प्लॅन रूटीन काळजीही देतात.

‘पैसे मागणं ही लूट.’ अटींत बसत असूनही डॉक्टर मेडिकेअरला न कळवता पूर्ण रक्कम मागत असतील, तर तुमचा राग रास्त आहे. अटींत बसत नसेल तर मात्र पैसे मागणं नियमात बसतं. आजवर क्लेम पास होत होता आणि या वेळी भेट साठ दिवसांच्या आत पडली म्हणून नाकारला जाईल असं वाटत असेल, तर डॉक्टरांनी आधी एबीएन नावाच्या फॉर्मवर अंदाजे रक्कम लिहून तुमची सही घ्यायला हवी. सही न घेता नंतर बिल पाठवलं तर जरूर जाब विचारा. नाकारल्याचा कागद आला तर तो फेकू नका, अपील करायला १२० दिवस असतात. काकांचा पहिला क्लेमही परत आला होता. शुगरच्या डॉक्टरांची तारीख राहिली होती. सुनेने ती फोन करून कळवली, आम्ही पुन्हा पाठवला आणि तो पास झाला.