मांडीभर रसातली कवायत

द्राक्षे पायांनी तुडवण्यात काव्य आहे, असा समज ज्यांनी कोणी पसरवला, त्यांना सप्टेंबरातल्या एखाद्या रात्री दोन तास गार द्राक्षरसात उभे करावे, अशी माझी नम्र सूचना आहे. त्यासाठी नवी योजना आखण्याची गरज नाही, कारण पोर्तुगालमधल्या दोउरो नदीच्या खोऱ्यात पोर्ट नावाच्या गोड, कडक वाइनसाठी हा प्रकार काही मळ्यांत आजही दर हंगामात चालतो. माझा धाकटा मेव्हणा पोर्तो शहरात नोकरीला आहे. पाहुण्याला नुसते स्थळ दाखवून त्याचे समाधान होत नाही, पाहुण्याने 'अनुभव' घ्यावा लागतो. "दाजी, तुम्ही तासगावचे. द्राक्षं म्हणजे तुमच्या घरचा माल. तुम्हाला काय अवघड आहे?" असे त्याने सासूबाई फोनवर असताना विचारले, आणि सासुरवाडीच्या साक्षीने विचारलेल्या अशा प्रश्नाला जगात एकच उत्तर असते.

तासगावचे आम्ही आहोत, हे खरे आहे. बाग मात्र दादांची, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची. मी हायस्कुलात शिक्षक होतो आणि निवृत्त होईपर्यंत बागेशी माझा संबंध बेदाणा चाखण्यापुरताच राहिला. तरीही बागेच्या घरात वाढलेल्या माणसाच्या हाडीमाशी एक गोष्ट भिनलेली असते, ती म्हणजे द्राक्षाला बोटसुद्धा जपून लावायचे. घड देठाला धरून उचलायचा, मण्यावरचा पांढुरका थर पुसू द्यायचा नाही आणि पेटीत कागदावर अलगद टेकवायचा. दावण्या, भुरी हे रोग आणि अवकाळी पाऊस यांतून वाचलेल्या मालाला दादा जितके जपतात, तितके त्यांनी आम्हा भावंडांनाही कधी जपले नाही. शिवाय अन्नाला चुकून पाय लागला तर हात जोडायची आमच्या घरची रीत आहे. अशा घरातल्या मनुष्याने कित्येक टन द्राक्षांत दोन्ही पाय घालून उभे राहायचे, म्हणजे नमस्कार तरी किती करायचे?

पोर्तोहून नदीच्या कडेकडेने जाणाऱ्या आगगाडीने आम्ही पिन्यावला उतरलो. तिथल्या स्थानकाच्या भिंतींवर १९३७ सालच्या निळ्या-पांढऱ्या चित्रफरशा आहेत आणि त्यांवर द्राक्षतोडणीचा सारा सोहळा रंगवलेला आहे. बायका घड तोडत आहेत, पुरुष पाठीवर उंच टोपल्या घेऊन ओळीने उतार उतरत आहेत आणि नदीत पिंपांनी लादलेल्या होड्या उभ्या आहेत. या चित्रांतला एकही इसम गुडघा धरून बसलेला नाही, याची मी मुद्दाम खात्री करून घेतली. चित्रकाराने हे वास्तव गाळले असावे, असे माझे मत आहे. त्या टोपल्यांत पन्नास किलोंहून अधिक माल असे आणि त्यांचा भार कपाळावरून घेतलेल्या पट्ट्यावर तोललेला असे.

तिथली जमीन पाहिली तर आपल्याकडचा शेतकरी बाग सोडा, शेळीसुद्धा ठेवणार नाही. शिस्ट नावाच्या पापुद्र्यापापुद्र्यांच्या खडकाचे खडे उतार फोडून पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी दगडी बांध घातले आणि पायऱ्यापायऱ्यांनी वेली लावल्या. वेलीची मुळे पाण्याच्या शोधात खडकाच्या भेगांतून खोलवर उतरतात. नऊ महिने हिवाळा आणि तीन महिने नरक, असे आपल्या हवामानाचे वर्णन तिथले लोकच करतात. अशा जागी तोरिगा नासिओनाल जातीचे बारके, जाड सालीचे, बियाळ द्राक्ष पिकते. मणी तोंडात टाकल्यावर मला पहिली आठवण आली ती दादांची, कारण हा माल तासगावच्या बाजारात नेला असता तर त्यांना अडत्याने चहासुद्धा विचारला नसता. या ओबडधोबड मालाच्या रक्षणासाठी १७५६ साली मार्किस द पोंबाल या पंतप्रधानाने खोऱ्याची हद्द आखून दिली आणि पुढे ती दाखवायला ग्रॅनाइटचे खांब रोवले. वाइनला गडद रंग आणण्यासाठी लोक एल्डरबेरीचा रस मिसळत, म्हणून त्याने ती झाडेच उपटून टाकायला लावली. भेसळीच्या तक्रारीवर समिती न नेमता थेट झाडावर कुऱ्हाड चालवणारा हा गृहस्थ मला मनापासून आवडला.

सकाळी तोडणी झाली. तिच्याविषयी फार लिहिण्यासारखे नाही. उतारावर एक पाय वर आणि एक पाय खाली ठेवून वाकल्याने पाठीचे जे होते, ते झाले. खरी परीक्षा रात्रीची होती. जेवणात बटाटा आणि हिरव्या पाल्याचे सूप होते, त्यानंतर खारवलेला मासा होता, आणि आम्ही शाकाहारी असल्याने आम्हाला सूप दुसऱ्यांदा मिळाले. त्यानंतर मेव्हण्याने माझ्या हातात एक आखूड चड्डी ठेवली. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेल्या मनुष्याने चारचौघांत, तेही धर्मपत्नीच्या देखत, परक्याची आखूड चड्डी घालून नळीच्या पाण्याने पाय धुवून घ्यायचे, हा प्रसंग मी अधिक रंगवू इच्छित नाही.

तुडवण्याच्या या हौदाला लागार म्हणतात. तो ग्रॅनाइटचा, चौकोनी, सुमारे कमरेइतक्या उंचीचा असतो आणि त्यात दिवसभर तोडलेली द्राक्षे टाकलेली असतात. पहिला पाय आत टाकला तेव्हा थंडीने श्वास अडकला. दुसरा टाकला तेव्हा कळले की तळ लागतच नाही. मणी पायाखालून निसटतात, काड्या पोटरीला टोचतात, बोटांच्या बेचक्यांत साली जाऊन बसतात आणि एक पाय वर उपसताना दुसरा मांडीपर्यंत आत जातो. पूर्वी या खोऱ्यात बायका तोडायच्या आणि पुरुष तुडवायचे. आता तसा भेद राहिलेला नाही, त्यामुळे आमच्या सौभाग्यवती माझ्याआधीच आत उतरून मला हात देत होत्या.

मी धडपडत मधोमध जाऊन नाचाच्या तयारीत उभा राहिलो. तेवढ्यात काठावरचा टोपीवाला म्हातारा खेकसला. मग मला कळले की नाच नंतर आहे, आधी 'कोर्त' आहे. सर्वांनी एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून दोन रांगा करायच्या, समोरासमोर उभे राहायचे, गुडघा वर उचलून पाय तळापर्यंत दाबायचा, मग दुसरा, आणि असे वीतवीत पुढे सरकायचे. म्हातारा ताल देतो: इश्केर्दा, दिरेइता, इश्केर्दा, दिरेइता. डावा, उजवा, डावा, उजवा! वर्षानुवर्षे दर शनिवारी सकाळी मैदानावर मी हेच ओरडत आलो होतो. उन्हात उभी असलेली मुले माझ्याकडे ज्या नजरेने पाहत, त्या नजरेने मी आता म्हाताऱ्याकडे पाहत होतो. गुडघा पुरेसा वर येत नाही, हे त्याने काठीनेच दाखवले. मीही एके काळी असेच दाखवत असे.

दम खाण्याच्या निमित्ताने मी मेव्हण्याला विचारले, की इतकी शिस्त कशासाठी? त्याचे उत्तर पटण्यासारखे होते, आणि पटल्यामुळे अधिकच दुःख झाले. द्राक्षाचा रंग आणि तुरटपणा सालीत असतो. साध्या रेड वाइनला साली आठवडा-दोन आठवडे रसात मुरू देता येतात. पोर्टला तेवढी सवड नसते. रस आंबू लागला, की दोन-तीन दिवसांत, निम्मी साखर शिल्लक असतानाच तो काढून घेतात आणि त्यात सुमारे ७७ टक्के अल्कोहोल असलेले द्राक्षाचेच स्पिरिट ओततात. त्या तडाख्याने यीस्ट मरते, आंबणे थांबते आणि उरलेला गोडवा तसाच राहतो. ठोकताळा असा, की ४३५ लिटर रसाला ११५ लिटर स्पिरिट घातले, की ५५० लिटरचे एक पिंप होते, आणि तयार पोर्ट साधारण १९ ते २२ टक्क्यांची भरते. म्हणजे सालीतला सगळा रंग या दोन-तीन दिवसांतच उतरवायचा. यंत्राने चेंदामेंदा केला तर बिया फुटून कडवटपणा उतरतो. माणसाचा तळवा मात्र सालीला रगडतो आणि बीला सोडून देतो. थोडक्यात, माझ्या पायाचा मऊपणा ही तिथली गरज होती. माझ्या पायाची गरज वेगळी होती, ती कोणी विचारली नाही.

स्पिरिटचा हा रिवाज सर्वांना मान्य होता असे नाही. दोउरोचा नकाशा काढणारा इंग्रज व्यापारी जोसेफ जेम्स फॉरेस्टर स्पिरिट घालण्याच्या विरोधात हिरिरीने लढला आणि हरला. १८६१ साली याच नदीत वालेइराच्या खळाळापाशी त्याची होडी उलटली. तो बुडाला, सोबत असलेल्या दोना अँतोनिया फरेरा या थोर मळेमालकीण मात्र वाचल्या. त्याला कमरेच्या पट्ट्यातल्या नाण्यांनी तळाशी नेले आणि बाईंना त्यांच्या घेरदार झग्याने तरंगत ठेवले, अशी आख्यायिका आहे. द्राक्षरसात मांडीपर्यंत रुतलेल्या, आखूड चड्डीतल्या मनुष्याला या कथेतले मर्म चटकन कळते.

दुसऱ्या तासाला पाय आहेत की नाहीत, हे खाली पाहून ठरवावे लागत होते आणि खाली पाहून काही दिसत नव्हते. माझ्या डाव्या खांद्यावर एका धिप्पाड जर्मन पर्यटकाचा हात होता, त्यामुळे पडण्याची सोय नव्हती. अखेर म्हाताऱ्याने काठी उंचावून 'लिबेर्दाद!' अशी आरोळी दिली, म्हणजे स्वातंत्र्य जाहीर केले, आणि कोपऱ्यात अकॉर्डियन वाजू लागले. पायांतला जीव पूर्णपणे गेल्यानंतरच माणसाला नाचायला मोकळे सोडायचे, ही व्यवस्था कोणा द्रष्ट्याची असली पाहिजे. मी काठाला टेकलो. आमच्या सौभाग्यवतींनी मात्र, गौरी-गणपतीचे दिवस होते म्हणून असेल, मळ्यातल्या स्वयंपाकीणबाईंचे हात धरले आणि त्या मांडीभर रसात फुगडी घातली. सगळा लागार टाळ्या वाजवत होता. काठीवाला म्हातारासुद्धा हसला. "अहो, या ना," असे त्या मला म्हणाल्या. मी हात हलवला, कारण तेवढाच अवयव हलत होता.

दुसऱ्या दिवशी जांभळे पाय घेऊन मी मळा पाहायला निघालो. साबण, लिंबू, मीठ, कशालाही तो रंग दाद देत नव्हता. शेजारच्या इमारतीत स्टेनलेस स्टीलचा एक लागार होता आणि त्यावर सिलिकॉनचे तळवे लावलेले यांत्रिक पाय ठरावीक वेगाने वर-खाली होत होते. या खोऱ्यात अशी यंत्रे आता बऱ्याच ठिकाणी आहेत, ती रात्रभर तुडवतात आणि त्यांना सूपही लागत नाही, असे मेव्हण्याने आनंदाने सांगितले. "मग काल आपण?" असे मी विचारले. "तो अनुभव होता, दाजी," तो म्हणाला.

रात्री दादांचा फोन आला. फुगडीची हकिगत त्यांनी ऐकून घेतली, पण चौकशी मात्र भलत्याच गोष्टींची केली. साखर किती ब्रिक्सला, म्हणजे गोडीच्या किती मापाला तोडतात, एका वेलीला किती घड ठेवतात, भुरीला काय मारतात, आणि रस काढल्यावर उरलेल्या चोथ्याचे काय करतात? त्या चोथ्याचीही दारू गाळतात, हे ऐकून त्यांनी पहिल्यांदाच पोर्तुगीज माणसाविषयी आदर व्यक्त केला. मग त्यांनी हजेरी किती पडली, असे विचारले. हजेरी आपल्याला मिळत नाही, उलट माणशी पैसे आपणच भरायचे असतात आणि ते मेव्हण्याने भरले, असे मी सांगितले. पलीकडे दादा थोडा वेळ हिशेब करत असावेत.

"ऑक्टोबरात आपली फळछाटणी आहे," ते म्हणाले. "मेव्हण्याला घेऊन ये. पावणा माणूस आहे, त्याच्याकडनं निम्मेच घेऊ."