बेथलेम मनोरुग्णालयातले पक्ष्यांचे पिंजरे: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. व्हिक्टोरियन मनोरुग्णालयांतल्या कुंड्या, चित्रं आणि पक्ष्यांचे पिंजरे यांचं मी माझ्या लेखात केलेलं कौतुक तुम्हाला खटकलं. 'ही सजावट पाहुण्यांना दाखवायची होती, आत तुरुंगच होता', असं तुम्ही लिहिलंत.

तुमच्या बाजूचा एक पुरावा मीच द्यायला हवा होता. इंग्लंडमधल्या यॉर्कमध्ये क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींनी १७९६ साली 'रिट्रीट' हे मनोरुग्णालय सुरू केलं, तेव्हा खिडक्यांच्या चौकटी लोखंडी बसवल्या, पण दिसायला लाकडी वाटतील अशा. कोंडलेलं तर आहे, पण तसं जाणवू द्यायचं नाही. पुढच्या मनोरुग्णालयांनी हाच कित्ता गिरवला.

तरीही 'पाहुण्यांसाठी' हे मला पटत नाही. वॉर्ड म्हणजे एक लांबलचक, रुंद ओसरीसारखी गॅलरी आणि तिच्या कडेला झोपायच्या खोल्या. रुग्णाचा दिवस त्या गॅलरीतच जायचा. लंडनच्या बेथलेम मनोरुग्णालयात १८१४ साली जेम्स नॉरिस हा रुग्ण सापडला तो गळ्यात लोखंडी कडं आणि ते उभ्या गजाला जखडलेलं, अशा अवस्थेत. त्याच संस्थेत १८५०च्या दशकात डॉ. विल्यम चार्ल्स हूड यांनी खिडक्या मोठ्या करून घेतल्या, गॅलऱ्यांत पक्षी, झाडं, चित्रं आणली. १८६०च्या चित्रांत तिथेच रुग्ण बसलेले दिसतात. नॉरिसची ती अवस्था आठवली की मला त्या पिंजऱ्यांना नुसती झालर म्हणवत नाही.

गादी लावलेल्या खोल्यांबद्दल तुम्ही संतापाने लिहिलंय. त्या कशा होत्या तेही सांगतो. डॉक्टर जॉन कॉनॉली यांनी १८३९ मध्ये लंडनजवळच्या हॅनवेल मनोरुग्णालयात पट्टे आणि बेड्या बंद केल्या. मग अनावर झालेल्या माणसाने भिंतीवर डोकं आपटलं तर? म्हणून लाकडी चौकटींवर जाड कापड ताणून त्यात काथ्या भरला. होय, आपल्या सुंभाचा तोच काथ्या. एकटं कोंडणं भयंकरच. पण तो काथ्या बेड्यांच्या जागी आला होता.

मनोरुग्णालयांतल्या गर्दीच्या तुमच्या मुद्द्यावर मात्र मी निरुत्तर आहे. १८५१ मध्ये उघडलेलं लंडनचं कोल्नी हॅच मनोरुग्णालय आधीच अवाढव्य होतं, तरी ते अपुरं पडलं. जादा रुग्णांसाठी आवारात लाकडी इमारत उभारली गेली. १९०३ मध्ये तिला आग लागली आणि पन्नासहून अधिक स्त्रिया गेल्या. माझ्या लेखात त्यांचा उल्लेखही नाही. आज रात्री तो परिच्छेद घालतो.