मास्क काढा, पण दवाखान्यात तरी राहू द्या

दुपारपासून डोकं तापलंय, लिहून मोकळी होते.

उद्या, 2 एप्रिल 2022 ला पाडवा. उद्यापासून राज्यातले कोरोनाचे सगळे निर्बंध उठताहेत, मास्क ज्याच्या त्याच्या मर्जीवर. चांगलं आहे. दोन वर्षं आमच्या डोंबिवलीत शोभायात्रा निघाली नाही, उद्या नऊवारी नेसून मीही फडके रोडवर असणार आहे.

पण आज दादा वाण्याकडे गुढीच्या गाठी आणायला गेला आणि शेजारच्या बिल्डिंगमधल्या काकांनी त्याच्या तोंडावरचा मास्क खाली ओढला. स्वतःच्या हाताने. "संपलं की रे सगळं, अजून काय घाबरतोस!" दुकानातली माणसं हसली. दादाने मास्क वर केला, गाठी घेतल्या, घरी आला. कोणाला काही बोलला नाही. वहिनीने फोनवर सांगितलं.

दादाचं किडनी ट्रान्सप्लांट झालंय. आईची किडनी आहे. शरीराने ती नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबून ठेवणाऱ्या गोळ्या तो रोज घड्याळ लावून घेतो, जन्मभर घ्यायच्या आहेत. अशा पेशंटना लसीचे दोन डोस घेऊनही तुमच्या-माझ्याइतकं संरक्षण मिळत नाही. तिसरा डोस जानेवारीपासून सुरू झाला, तो आरोग्य कर्मचारी, फ्रंटलाइनवाले आणि साठीच्या पुढच्यांना. दादा बेचाळीसचा. त्याच्याकडे आहे काय, तर तो मास्क. आणि तोच कोणीतरी गंमत म्हणून ओढतं! काकांना ट्रान्सप्लांटचं माहीत नव्हतं, मान्य. म्हणून काय दुसऱ्याच्या तोंडाला हात लावायचा?

मास्क नसल्याचा दंड बंद झाला ते योग्यच झालं. हातगाडीवाल्याची कमाई त्यात जायची. पण मॉल, लग्नाचा हॉल आणि दवाखाना, सगळ्यांना एकच माप? दवाखान्यात केमो चालू असलेले येतात, डायलिसिसवाले येतात, तान्ही बाळं येतात. गोळीची रक्तातली पातळी बघायची तर सकाळची गोळी घ्यायच्या आधी रक्त द्यावं लागतं. म्हणून दादा गोळी खिशात ठेवून लॅबच्या बाकावर नंबर येईपर्यंत बसतो, आणि शेजारी कोणीतरी मास्क हनुवटीवर ठेवून खोकत असतं. सक्ती होती तेव्हाची गोष्ट सांगतेय. उद्यापासून तर त्याला सांगायचीही सोय नाही. एवढी एक जागा वगळली असती तर कोणाचं काय अडणार होतं?

काकांवर चिडलेय, पण ते वाईट नाहीत. दुसऱ्या लाटेत आमच्या खालच्या आजोबांसाठी ऑक्सिजनचं सिलिंडर शोधत हेच काका रात्रभर स्कूटरवर फिरले होते. आजोबा गेले. ते दिवस डोळ्यांसमोरून जावेत असं त्यांनाही वाटत असेल. वाटू दे. दादाला त्याचा मास्क लावू द्या, एवढंच.

माझ्या मित्रयादीत क्लिनिकवाले डॉक्टर आहेत, लॅब चालवणारे आहेत. सरकारने सांगितलं नाही तरी तुमच्या दारावर "आत मास्क लावूनच या" असा कागद चिकटवता येतो. ज्याच्याकडे नसेल त्याच्यासाठी टेबलावर मास्कचा डबा ठेवता येतो. कोणकोण करताय ते खाली लिहा. दादाची पुढची तपासणी तिकडेच करू.